किम्यात शेवया

...न्हाई, तुमीच सांगा ना, बसा हितं ह्या स्टुलावर, तुमच्या गाडीचं काम होईस्तोवर ऐका आन तुमीच सांगा, किम्यात शेवया कुणी घालतंय का? शेवया म्हंजी त्याच, ईदच्या, शीरखुर्म्याच्या, दुधात टाकायच्या, वरून खारीक-बदाम टाकायचं, नवा कुर्ता घालून वाटीनं प्यायच्या, त्या! आन कीमा म्हंजी कीमा. हिरव्या मिरचीचा, तेलात परतलेला, भाकरीसंगट खायचा. ह्या दोघांची जन्मात कधी एका भांड्यात गाठ पडलीय का? कुणी पाडावी का? माझ्या घरात पाडलीय. आन एक डाव चुकून पडली आसं न्हाई, आठवड्यातून तीन-तीन डाव पाडायलेत. किम्यात शेवया, तुमाला सांगतो, किम्यात शेवया!

हसताव? हसा. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी इसाक मिस्त्री, ह्या चौसाळ्यात हायवेला गॅरेज टाकून माझी दाढी पिकली. ग्रीस म्हणू नका, जळकं ऑइल म्हणू नका, ह्या हातानं काय न्हाई काढलं? एका जीपच्या फिल्टरमधून मेलेला उंदीर काढलाय मी, कसा काढला ते सांगत न्हाई, तुमी च्या प्यायलाव... आन तसाच हात धुऊन जेवाय बसलो, दोन भाकरी खाल्ल्या. कशाची शिसारी म्हणून न्हाई मला. पण त्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या सुनेच्या कढईत वाकून बघितलं आन तो उंदीर आठवला हो. उंदीर बरा होता. घरात आमी दखनीच बोलतो, पण हे गाऱ्हाणं मराठीतच सांगतो, सांगून सांगून तोंडात बसलंय आता.

आधी कीमा कसा असतो ते ऐका, त्याबिगर तुमाला माझं दुःख कळायचं न्हाई. आमच्यात बड्याचा कीमा, म्हंजी म्हशीचा. आमचा मुस्तकीम कसाई, त्याच्या दुकानात मशीन हाय, बटण दाबलं की इकडून बोटी गेली आन तिकडून लगदा आला. पण मी दुकानाच्या पायरीवर पाय ठिवला की मुस्तकीम मशीनकडं बघत बी न्हाई. त्याला माहीत हाय, ह्या म्हाताऱ्याला मशीनचा चालत न्हाई. लाकडाचा ठोकळा, हातात सुरा, आन खटखट खटखट हातानं कुटलेला, दाणा दाणा सुटा. मंग तो घरी न्यायचा आन माझ्या बायकोच्या, सईदाच्या, हवाली करायचा. मंग गप बसायचं. ती कांदा घालील, आलं-लसूण घालील, मंद जाळावर ठिवील, मधीच उठून झाकण काढून नुसता वास घील, मान हलवील, परत झाकण ठिवील. इचारायचं न्हाई किती वेळ लागतो. इचारलं की ती म्हणायची, गाडी दुरुस्त करताना मी येऊन इचारते का? न्हाई इचारत. बरोबर हाय.

आसा कीमा खाल्लेल्या माणसाला तुमी किम्यात शेवया खायला घालताव! आरं काय पाप केलं मी?

घोळ सुरू झाला दातापासून. माझ्या न्हाई, सईदाच्या. पोरवयापासून मशेरी लावायची सवय, सकाळी मशेरी, दुपारी मशेरी, राग आला की मशेरी, आन राग तिला लई येतो. मंग काय, एक एक दात हालायला लागला. बीडला दाताच्या डॉक्टरकडं नेलं, त्यानं बत्ती लावून आत बघितलं, बघतच राह्यला, आन मला म्हणतो कसा, अगदी गोड आवाजात, "काका, ह्यातला एकपण ठेवण्यासारखा नाही बरं का." मी म्हणलं, साहेब, एखादा तर ठिवा, नावाला. न्हाई म्हणला. सगळे काढले. आन कवळी? ती लगेच बसत न्हाई म्हणला, हिरड्या भरून येऊ द्या, वाळू द्या, मंग माप घेऊ. तवर काय खायचं? तर म्हणला, मऊ-मऊ. तुमाला सांगतो, मऊ-मऊ म्हणायला काय जातंय, त्याच्या घरी होती का सईदा?

आता आमच्या घरातली एक रीत तुमाला सांगाया पायजे. माझ्या अम्मानं घालून दिलेली. नवरा-बायकोनं एकाच ताटात जेवायचं. लगीन झालं तवा अम्मानं हे एवढं मोठं ताट आमच्या दोघांच्या मधी ठिवलं आन म्हणली, भांडा, अबोला धरा, काय वाटंल ते करा, पण ताट वायलं झालं न्हाई पायजे. तवापासून ती तिच्या बाजूनं, मी माझ्या बाजूनं. भांडण झालं असलं तर मधी भाजीचा बांध, तिनं इकडं यायचं न्हाई, मी तिकडं जायचं न्हाई, पण ताट एकच. उज्मा सून होऊन आली तवा तिला आन आमच्या फिरोजला बी एक ताट दिलं. ते दोघं जेवतेत त्यात, आन मोबाईल मधी उभा करतेत. म्हंजी एका ताटात तिघं. आसू दे.

तर दात गेले आन सईदा ताटावर येईना. जिचा आवाज हायवेच्या पलीकडच्या पंक्चरवाल्याला ऐकू जायचा ती ओढणी तोंडावर धरून हूं न्हाई तर ऊंहूं, एवढंच. दस्तरखान मांडला, म्हंजी जेवणाची चादर अंथरली, हाक मारली, की आतून, "तुमी घ्या, माझं झालंय." काय झालंय? सैपाकघरात भिंतीकडं तोंड करून च्यात पाव बुडवून खाल्लेला, ते झालंय. मी आपला एकटा त्या एवढ्या मोठ्या ताटात. आन सवय आशी वाईट की मी माझ्याच बाजूनं खायचो, तिकडच्या बाजूला हातच जात नव्हता. मला करमत नव्हतं, खरं सांगतो. आन ती तिकडं वाळत चाललेली. बांगड्या मनगटावर राहीनात, हात वर केला की कोपरापर्यंत जायच्या, खळकन.

मऊ काय काय केलं न्हाई आमी? खिचडी केली, तर म्हणली, मी काय आजारी हाय? मऊ भात केला, तर म्हणली, मी काय तान्हं लेकरू हाय? शेजारची शाहीन, तिनं बिचारीनं मायेनं बकऱ्याच्या पायाचं सूप आणून दिलं, तर सईदानं ते सगळं मला पाजलं, म्हणली गुडघे तुमचे दुखतेत. मी मुस्तकीमकडं गेलतो, म्हणलं बारीक कर. केलं. म्हणलं आजून बारीक. केलं. म्हणलं आजून. तर सुरा खाली ठिवून म्हणतो, "इसाकभाई, आता ह्याच्याफुडं ठोकळ्याचा भुसा पडंल त्यात." तो कीमा उज्मानं दिवसभर शिजवला, रविवार होता तो. सईदाला बळंच बसवलं. तिनं चिमूटभर तोंडात टाकला, इकडून फिरवला, तिकडून फिरवला, एक दाणा हिरडीला टोचला, डोळ्यात टचकन पाणी. उठली. आन जाता जाता, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा सरळ एक वाक्य बोलली.

"तुमी सगळे जे खाताव ते मला जात न्हाई. मला जे जातंय ते तुमी कुणी खात न्हाई. मंग मी कशाला बसू हितं, तमाशा दाखवाय?"

इंजिन आसतं तर उघडून बघितलं आसतं. मी बी त्या दिवशी जेवलो न्हाई, ताट तसंच झाकून ठिवलं.

बरं, आमची सून. उज्मा. पोरगी चांगली हाय, त्यात वाद न्हाई. बीडला उर्दू शाळेत शिकवती, सकाळी जाती, संध्याकाळी काळीपिवळीत कोंबून घेऊन परत येती, पर्स टेकवती आन तशीच सैपाकाला लागती. दमती बिचारी. म्हणून मंग तिचं सगळं झटपट. मोबाईलमधी एक बाई हाय तिची, कपाळावर एक घाम न्हाई बाईच्या, ती म्हणती, "आज आपण बघणार आहोत अगदी झटपट होणारी..." आन झालंच! आमच्या घरात पंधरा मिनटात जे काय तयार होतं त्याला मी खातो, नाव इचारत न्हाई. सुनेच्या हाताला सासऱ्यानं नाव ठिवायचं न्हाई, आन रिजकाला, अल्लानं दिलेल्या घासाला, तर कुणीच ठिवायचं न्हाई, आशी आमाला शिकवण. त्या शिकवणीनं माझा घात केला.

तर त्या रविवारनंतर एक दिवस ती शाळेतून आली, सईदा आपली आत भिंतीकडं तोंड करून बसलेली, आन उज्मा मला हळूच म्हणती, "अब्बा, आज कीमा नूडल्स करते. अम्मी कदाचित खातील, मऊ असतंय." म्हणलं, कीमा काय? "नूडल्स, अब्बा. ते लांब लांब असतंय, गव्हाचं, पाकिटात. मी कांदा कापते, तुमी तेवढं पाकीट आणा." फिरोज तिकडं गॅरेजात ट्रॅक्टरखाली आडवा, त्याचे नुसते पायच घरच्यांना ओळखीचे. मंग कोण जाणार? मी.

आमच्या कोपऱ्यावर राधाकिशनचं किराणा दुकान. राधाकिशन आन मी एका वर्गात नापास झालेलो, म्हंजी भरवशाचा माणूस. म्हणलं, बे राधाकिशन, नूडल्स दे. तोंडात तंबाखूचा बार, वर बघत बोलतो तो, सांडू नये म्हणून. म्हणला, "शंपलं. पोरांनी नेलं शगळं." मी म्हणलं आता? सून कांदा कापायलीय. तर त्यानं वरच्या फळीवरून धूळ झटकत एक पाकीट काढलं. शेवया. ईदच्या राह्यलेल्या. तुपात भाजलेल्या, बारीक, केसासारख्या. मी म्हणलं, आरं ह्या शेवया. तर तो बाहेर जाऊन थुंकून आला, म्हंजी विषय गंभीर होता, आन म्हणला, "कावून बे इसाक, ते काय सोन्याचं आसतंय का? ते बी गहू, ह्या बी गहू. ते जरा जाड, ह्या जरा बारीक. पाण्यात टाकलं की दोन्ही मऊ."

आन मला पटलं हो! मी, इतका शाना, ज्यानं आयुष्यात गिऱ्हाईकाला एका गाडीचा नट दुसऱ्या गाडीला लावू दिला न्हाई, त्यानं ते पाकीट घेतलं, वर म्हणलो बी, तुझं बरोबर हाय.

घरी आलो. कढईत कीमा होऊन गेलेला. मशीनचा बरं का, वेळ नव्हता म्हणून मशीनचा! त्यात सिमला मिरची. त्यात तांबडा सॉस. त्यात आजून एक काळा सॉस, जळक्या ऑइलचा सख्खा भाऊ. उज्मानं हात फुडं केला, पाकीट घेतलं, बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत पाकिटाकडं बघितलं. "अब्बा, ह्या शीरखुर्म्याच्या हायेत." मी म्हणलं, गहूच हाय. सासऱ्याला वेडा म्हणायची रीत न्हाई. फिरोज आलता, हात धूत होता, त्याला भूक, तिला भूक. दुकानात तर न्हाईतच. तिनं डोळे मिटले, बिस्मिल्ला म्हणली आन अख्खं पाकीट चुरून आत सोडलं.

मंग काय झालं सांगू? त्या शेवयांनी आधी पाणी पिलं. मंग तांबडा सॉस पिला. मंग काळा पिला. आन फुगत गेल्या, फुगत गेल्या, उज्मा चमचा फिरवायली तर चमच्याबरोबर सगळी कढईच फिरायली! काळा-तपकिरी एक गोळा, चिकट, धड पातळ न्हाई धड घट्ट न्हाई, मधून मधून सिमला मिरचीचे तुकडे वर बघायलेत, आमाला काढा म्हणून. आन वास! निम्मा वास ईदच्या सकाळचा आन निम्मा बसस्टँडवरच्या चायनीजच्या गाड्याचा. एकाच नाकपुडीत दोन्ही! फिरोज म्हणला, "अब्बा, ह्यानं इंजिनाचं गॅसकेट चिकटवता येतंय का बघू?" किम्यात शेवया, तुमाला सांगतो, किम्यात शेवया!

मी मनाशी ठरवलं, आपण बिभीषणच्या धाब्यावर जायचं, पिठलं-भाकरी खायची आन सांगायचं गिऱ्हाईक आलतं. सुनेला नाव बी ठिवायला नको आन पोटाला त्रास बी नको. गुपचूप उठलो, एक चप्पल पायात घातली...

आन आतून सईदा बाहेर आली.

घर एकदम गप कावून झालं ते बघाया आली आसंल. ओढणी तोंडावर. कढईपाशी आली, वाकली, बघितलं. आन हसली हो. अशी हसली, अशी हसली, ओढणी घसरून खांद्यावर आली, सगळ्या मोकळ्या हिरड्या दिसायल्या आन तिच्या ध्यानातच न्हाई. हसता हसता तिनं सवयीनं हात घातला. तीस वर्षं झाली, घरात कुणी काय बी शिजवू द्या, मीठ सईदाच बघणार. दोन बोटानं उचललं, तोंडात टाकलं. आमी बघायलोत. जीभ फिरवली. गिळलं. थांबली. परत दोन बोटं. गिळलं. टोचायला त्यात काय नव्हतंच ना, मशीनच्या किम्याचं पार लोणी झालेलं, शेवयांचा पार लगदा झालेला, जिभेवर ठिवलं की आपोआप खाली.

मंग तिनं काय करावं? उठली, फळीवरून ते मोठं ताट काढलं, ओढणीच्या टोकानं पुसलं, कढईतलं सगळं, आरं सगळं, त्यात ओतलं, आणून दस्तरखानवर ठिवलं, तिच्या बाजूला बसली आन मला म्हणली,

"क्या देखरै जी? बैठो ना."

एक चप्पल पायात, एक बाहेर. आता तुमी काय केलं आसतं? मी काढली चप्पल.

तुमाला सांगतो, मी खाल्लं. हातानं उचलायला गेलो तर बोटाला चिकटलं, झटकलं तर सुटंना, अंगठ्यानं काढलं तर अंगठ्याला. तोंडात टाकलं तर वर टाळूला जाऊन बसलं, खाली यायचं नावच न्हाई. आधी गोड लागतंय, मंग खारट लागतंय, मंग आंबट, आन शेवटी तुपाची एक चव येती, ती तर सगळ्यात वाईट, कारण त्या चवीला वाटतं आज ईद हाय आन तोंडात तर मुसीबत हाय. थोडं जोरानं ओढलं तर सईदाच्या बाजूचा आख्खा ढीग माझ्याकडं सरकायला लागला. तिनं तिकडून धरला. सून समोर, पोरगं समोर, आन आमी दोघं बुजुर्ग माणसं ताटात रस्सीखेच खेळायलोत!

पण ती खायली होती हो. खाली मान घालून, चटचट, भुकेल्या माणसासारखी. भुकेलीच होती. तिची बाजू साफ झाली आन तिचा हात हळूच बांध ओलांडून माझ्या बाजूला आला. भांडण नसताना सुद्धा जी कधी माझ्या बाजूला आली न्हाई. मी म्हणलं घे, घे. तुमाला वाटंल काय माया हाय माणसाची! माया हायच, पण तेवढं मला कमी खावं लागलं, हे बी खरं. माझ्या डोळ्याला पाणी आलं का? आलं. निम्मं त्या चवीनं आलतं.

उज्मा भीत भीत इचारती, "अब्बा, कसं झालंय?" मी म्हणलं, बेटा, असं मी जन्मात कधी खाल्लं न्हाई. खोटं बोललो का? एक अक्षर खोटं न्हाई. पण पोरगी खूश झाली ना! आन तिथंच माझा कारभार आटपला.

दुसऱ्या डावाला उज्मानं स्वतः बीडवरून खरेखुरे नूडल्स आणले. मी म्हणलं चला, सुटलो, कसं का आसंना, जे त्याचं हाय ते तर आसंल. सईदा आली, बसली, एक उचललं. ते लांब हो, गुळगुळीत, तोडायला दात पायजेत. निम्मं घशात, निम्मं बाहेर, ठसका लागला. तिचा हात हळूच ओढणीकडं गेला. ती उठायच्या आधी मी उठलो. मी, बरं का! चपला घातल्या, राधाकिशनकडं गेलो, म्हणलं शेवया दे. तो म्हणला, इसाक, ईद लांब हाय. म्हणलं दे बे, लेक्चर देऊ नको. आन आलो, स्वतःच्या हातानं सुनेच्या हातात दिल्या, म्हणलं बेटा, ह्याच टाक. स्वतःच्या हातानं! फाशीचा दोर माणूस स्वतः विकत आणतो का कधी? मी आणला.

तवापासून चालू हाय. सोमवारी किम्यात शेवया. बुधवारी किम्यात शेवया. शुक्रवारी किम्यात शेवया. मी मुस्तकीमच्या दुकानावरून जातो तर तो ठोकळ्याकडं बोट दाखवतो आन मी मशीनकडं, तो मान हलवतो, कुणी वारल्यासारखा. राधाकिशनच्या फळीवरच्या संपल्या तर त्यानं बीडवरून खास माझ्यासाठी मागवल्या. आन गाव! गाव सोडतंय का? "कावून इसाकभाई, तुमच्यात रोजच ईद का?" हां बाबा, रोजच ईद. तू ये जेवाय. तर येत न्हाई कुणी, वास जातोय ना रस्त्यापर्यंत.

पण सईदाच्या बांगड्या मनगटावर थांबल्या. आवाज परत आला, पंक्चरवाल्यानं स्वतः येऊन सांगितलं, भाभी बऱ्या झाल्या वाटतंय. मी म्हणलं हो. मी दिवस काढायलो होतो. कवळी येऊ दे, एकदा कवळी येऊ दे, मंग बघतो ह्या शेवयांना.

आली कवळी! फिरोजनं फटफटीवर बसवून बीडला नेलं आन दात घेऊन आला. काय दात हो, पांढरे फेक, सरळ एका रांगेत, माझ्या सासऱ्याच्या आख्ख्या खानदानात आसे दात कुणाला झाले न्हाईत. मी त्याच पावली मुस्तकीमकडं. म्हणलं काढ ठोकळा. त्यानं बी सुरा असा परजला की बस्स! खटखट खटखट, सगळ्या गल्लीला कळलं. सईदानं स्वतः कीमा केला, मंद जाळावर, झाकण काढून वास घेत. ज्वारीची गरम भाकरी. ताट मांडलं. सईदानं भाकरीचा तुकडा मोडला, कीमा घेतला, चावला. कडकड कडकड. मी खाली वाकून डोळे मिटले, म्हणलं अल्ला, तुझा लई शुकर हाय.

डोळे उघडले तर ती थांबलेली. ताटाकडं बघायलीय. मंग आतल्या बाजूला मान वळवून म्हणती, "उज्मा, त्या शेवया शिल्लक हायेत का गं? टाक जरा ह्यात."

मुस्तकीमच्या हातच्या किम्यात!

उज्मा म्हणली, अम्मी, आता तर दात हायेत. तर म्हणती कशी, "हायेत की. म्हणून मी शेवया सोडू का? मला आवडतेत त्या." आन उज्मानं शिजवून आणून ताटात टाकल्यावर हिनं काय करावं? तोंडात बोट घातलं, कवळी काढली, सगळ्यांसमोर, ओढणी न्हाई, बिढणी न्हाई, वाटीत पाण्यात ठिवली, आन ती वाटी कुठं ठिवली? माझ्या बाजूला! आन मोकळ्या हिरड्यांनी मला हसत, गपागपा शेवया. मी खाली बघावं तर शेवया, बाजूला बघावं तर वाटीतून दात माझ्याकडं बघून हसायलेत.

न राहवून मी परवा म्हणलं तिला. म्हणलं, सईदा, आता तुला दात हायेत, तब्येत हाय, एवढी अम्माची रीत मोडली तर अम्मा काय कबरीतून उठून येणार न्हाई. मला वायल्या ताटात माझी भाकरी खाऊ दे. तर चिडली न्हाई, भांडली न्हाई. लई नरमाईनं म्हणली, "खावा की. मी काय बांधून ठिवलंय तुमाला?"

आता सांगा. एवढ्या मुश्किलीनं भिंतीकडून तोंड फिरवून आणलेलं माणूस, त्याला ताटावर एकटं सोडून भाकरी गोड लागती का? मी घेऊन बघितली एक दिवस. न्हाई लागली. परत मोठ्या ताटावर आलो, दाताची वाटी जरा बाजूला सरकवली, आन झक मारून शेवया खायलोय.